पेन्शनची रंगीत तालीम

मे महिन्यातल्या एका सोमवारी आमचे बडेबाबू ऑफिसात आले आणि आपल्या खुर्चीकडं न जाता भेटायला येणाऱ्या लोकांच्या बाकावर जाऊन बसले. पायात बुटांऐवजी घरची चप्पल, मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत एक फाईल. त्यांची खुर्ची तिथून सहा हातांवर रिकामी होती. ते पंख्याकडं बघत बसून राहिले.

बडेबाबू म्हणजे आमचे हेडक्लार्क. वडशाच्या त्या सरकारी कचेरीत माझं टेबल बाकाच्या बरोबर समोर होतं, त्यामुळं तिथं बसणारा प्रत्येक माणूस आधी माझ्याच पदरात पडायचा. बडेबाबू पंधरा दिवसांच्या रजेवर होते आणि रजेचा तो पहिलाच दिवस होता. मी विचारलं, "बडेबाबू, काही विसरलं काय?"

"साहेब," ते म्हणाले. हे मला. एरवी ते मला "काऊन गा" अशी हाक मारायचे. "साहेब, माझ्या पेन्शनच्या कागदाचं काय झालं?"

"तुमची पेन्शन?"

"होय जी."

"तुमाले तं अजून अकरा वर्षं आहेत."

"पाहून घ्या नं साहेब. मी बसतो."

आणि बसले. बारा वाजले. चपराशी चहा घेऊन आला, टेबलाटेबलावर कप ठेवून गेला. बाकावर चहा द्यायची आमच्याकडं रीत नव्हती आणि ती मोडावी असं कोणालाही सुचलं नाही. मला तर मुळीच नाही. मी माझा चहा बशीत ओतून त्यांच्यासमोर फुर्र करून प्यालो. एक वाजता त्यांनी खिशातून छोटी डायरी काढली, काहीतरी लिहिलं, सगळ्यांना नमस्कार केला आणि निघून गेले. साहेबांनी आतून विचारलं, "हेडक्लार्कची तब्येत बरी आहे ना?" मी म्हटलं, बहुतेक ऊन लागलं असावं.

संध्याकाळी शरम वाटली म्हणून त्यांच्या घरी गेलो. भाभी, म्हणजे त्यांच्या पत्नी, पुढच्या खोलीत मशीनवर नाटकातल्या कुण्या राणीचा घागरा शिवत होत्या. बडेबाबू खाटेवर बसून डायरी वाचत होते.

"दोन घंट्यात चहा नाई आला," ते म्हणाले. "म्हंजे रिटायर झाल्यावर ऑफिसात जाऊन बसायचं नाई, हे पक्कं. चहा घरी. दिवसाचे दोन कप जास्तीचे. दूध, साखर, पत्ती, गॅस, सगळं धरलं."

"बडेबाबू, माफ करा. मले वाटलं..."

"माफी कायची गा? तुझा पार्टच तसा होता. बराबर केला तू."

हे 'पार्ट' प्रकरण जरा सांगायला हवं. वडशात नाटक हा ज्याच्या त्याच्या अंगातला ताप आहे. दिवाळी उलटली की नाटक कंपन्यांच्या ऑफिसांवर पाट्या चढतात, खेड्याखेड्यातून माणसं नाटक ठरवायला येतात, आणि होळीपर्यंत भातगिरणीचा कोंडा आणि नाटकाची जाहिरात या दोन गोष्टी गावात कुठंही उडत असतात. बडेबाबूंचे वडील शिंपी होते. राजाचा अंगरखा, इन्स्पेक्टरची वर्दी, विधवेची चोळी, सगळं एकाच मशीनवर शिवायचे. त्यांच्यासोबत हिंडता हिंडता बडेबाबू पडद्यामागंच लहानाचे मोठे झाले आणि पुढं प्रॉम्प्टर झाले. आमच्या झाडीपट्टीत नट एका हंगामात इतकी नाटकं करतो की पार्ट पाठ करणं त्याला कमीपणाचं वाटतं. तो विंगेतल्या प्रॉम्प्टरवर भरवसा टाकून आत शिरतो. बडेबाबूंचा आवाज असा की पहिल्या रांगेला ऐकू जायचा नाही आणि नटाच्या मात्र थेट कानात उतरायचा. तीस वर्षं त्यांनी अशी माणसं बोलती केली.

त्याची सवय ऑफिसातही सुटली नव्हती. साहेबांपुढं उभा राहून एखादा गरीब अर्जदार अडखळला की मागून हळूच यायचं, "सातबारा जोडला आहे." अर्जदार म्हणायचा, "सातबारा जोडला आहे." कोणाच्या घरी मयत झाली आणि भेटायला गेलेला माणूस नुसता उभा राहिला, तर तिथंही हेच. एकदा एका निरोप समारंभात सत्कारमूर्तीचं भाषण पहिल्याच वाक्यावर अडलं, तेव्हा ते हाराच्या ढिगामागं बसून त्याला अख्खं भाषण पुरवत होते. त्या माणसानं शेवटी पत्नीचे आभार मानले. घरात अबोला होता, हे बडेबाबूंना माहीत नव्हतं. भाषणानंतर तो मिटला.

त्या दिवशी खाटेवर बसून त्यांनी मला आपलं तत्त्वज्ञान सांगितलं.

"आपले लोकं रिटायर कसे होते, तू पाह्यलं काय? तीस तारखेले हार, एक तारखेले खाली हात. ना पार्ट पाठ, ना तालीम. अन् इथी तं विंगेत बी कोनी नाई. पडदा उघडल्यावर तालीम नाई होत, गा. म्हून मी आतापासून करून राह्यलो."

दरवर्षी मे महिना हा त्यांचा तालमीचा महिना. एक तारखेला निम्मा पगार पोस्टात टाकायचा आणि तो नाहीच असं समजायचं. उरलेला निम्मा, म्हणजे होणारी पेन्शन, भाभीच्या हातात. पंधरा दिवस रजा घेऊन निवृत्त माणसासारखं घरात राहायचं. मेच का? तर कूलरचं बिल, लग्नांचे आहेर आणि पाहुणे हे तिन्ही मे महिन्यात एकदम येतात. "सोपा महिना घेऊन तालीम कायची?" असं त्यांचं म्हणणं. रमजान मेमध्ये आला की तालीम जूनमध्ये जायची. "त्या महिन्यात उपाशी राह्यची सवय असते. हिशोब खोटा येते."

ऑफिसातल्या हुशार लोकांनी, म्हणजे मी, त्यांना एकदा दाखवून दिलं की शिल्लक रजेचे शेवटी पैसे मिळतात आणि ते दरवर्षी पंधरा दिवस तालमीत उडवताहेत. ते म्हणाले, "नाटकात बी तालमीचा खर्च मालकच करते. माझा मालक मीच."

पहिल्या वर्षीची तालीम आठव्या दिवशी पडली. पैशानं नाही, भाभीमुळं. बडेबाबूंनी घरात बसून स्वयंपाकघरातले डबे अ-आ-इ-ई प्रमाणं लावले, मग मशीनजवळ खुर्ची टाकून भाभी किती दोरा वाया घालवतात ते बघायला लागले. भाभीनं मशीन थांबवलं.

"अजी, रिटायर तुम्ही होऊन राह्यले का मी?"

"मी."

"मंग सजा मले काऊन?"

डायरीत नोंद झाली. "साडेदहा ते साडेपाच हा खर्च कोन्याच तक्त्यात नसते," ते मला म्हणाले. "पैसा पुरन. पर हे सात घंटे कोनाले देऊ?" पुढच्या तालमीपासून त्यांनी सकाळी गावातल्या म्हाताऱ्यांच्या बँकेच्या, पोस्टाच्या कागदांचं काम करून द्यायला सुरुवात केली. फुकट. चहावर. ऑफिसात जो चहा मिळणार नव्हता त्याची सोय अशी परस्पर झाली आणि डायरीतले दोन कप कमी झाले.

एका वर्षी तर त्यांनी स्वतःच्या मागं काय, याचीही तालीम घेतली. भाभीच्या हातात पासबुक आणि कागदांची पिशवी दिली आणि सांगितलं, "आज मी नाई, असं धर. बँकेत जा, खातं पाह्य, पैसे काढ." भाभी आयुष्यात एकट्या बँकेत गेल्या नव्हत्या. बडेबाबू समोरच्या चहाच्या टपरीवर बसले. मी योगायोगानं तिथंच समोसा खात होतो. भाभी एका खिडकीवरून दुसरीकडं जाताना काचेतून दिसत होत्या आणि इकडं बडेबाबूंचे ओठ हलत होते. पहिल्यांदाच मी त्यांना असा प्रॉम्प्ट देताना पाहिलं जो समोरच्याला ऐकू जाणार नव्हता. अर्ध्या तासानं भाभी पदरानं घाम पुसत बाहेर आल्या.

"झालं," त्या म्हणाल्या. "दोन झेरॉक्स लागल्या. सस्त्यात मेले तुम्ही."

बडेबाबू इतके हसले की टपरीवाल्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत. मग मात्र त्यांचा चहा समोरच थंड झाला.

आता माझ्याकडं वळतो, कारण या चित्रात एक मूर्ख लागतो आणि तो मीच आहे.

त्या काळात माझंही निवृत्तीचं नियोजन होतं. मी सागवान घेतलं होतं. झाडं नव्हे, कागद. एक योजना आली होती: आज थोडे पैसे भरा, दूरच्या एका राज्यात तुमच्या नावानं सागाची झाडं लागतील, वीस वर्षांनी तुम्ही लखपती. मी ते रंगीत प्रमाणपत्र चांगलं फ्रेम करून भिंतीवर लावलं आणि बडेबाबूंना मुद्दाम घरी बोलावून दाखवलं. त्यांनी ते चष्मा वर करून वाचलं.

"झाडं कुठी आहेत?"

"दुसऱ्या राज्यात."

"तू पाह्यले?"

"नाई."

"तुझ्या घराच्या मागं काय आहे गा?"

"नाला."

"नाल्याच्या पलीकडं?"

"सागाचं जंगल."

"मंग मागची खिडकी लावून ठेव," ते म्हणाले. "ते जंगल हासन."

योजना बुडाली हे सांगायला नको. बायकोनं प्रमाणपत्र काढून कपाटाच्या खणात अंथरलं आणि फ्रेममध्ये मुलांचा फोटो लावला. फ्रेम मात्र अस्सल सागाची होती. त्या योजनेतून मला मिळालेलं सागवान एवढंच, आणि त्याचेही पैसे मी सुताराला वेगळे दिले होते.

बडेबाबू निवृत्त झाले तो दिवस आठवतो. सगळ्यांनी रडायची तयारी केली होती. ते उठले, हातात कागद नाही, विंगेत कोणी नाही. म्हणाले, "माझ्या अकरा तालमी झाल्या. उद्या पयला प्रयोग. येतो." आणि बसले. दुसऱ्या दिवशी आम्ही ऑफिसात ठरवून ठेवलं की ते येतीलच, आणि आज बाकावर चहा गेलाच पाहिजे. चपराश्यानं वेगळा कप धुऊन ठेवला. ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. आठवडाभर तो कप तिथं पालथा होता. मग मला आठवलं की त्यांनी हे डायरीत फार पूर्वी लिहून ठेवलं होतं, आणि ते लिहिलं त्या दिवशी मी त्यांच्यासमोर बशीतून चहा प्यालो होतो.

दहा वर्षांनी माझी पाळी जवळ आली. सहा महिने राहिले असताना मी आनंदानं त्यांच्याकडं गेलो आणि माझी नवीन योजना सांगितली. आमच्या गावातल्या एका नाटक कंपनीचा मालक माझ्या ओळखीचा. एके काळचा हीरो, आता पोट सुटलेलं, पण आवाज तोच. त्याला पुढच्या हंगामासाठी भांडवल हवं होतं. माझ्या हातात फंड, ग्रॅच्युइटी मिळून मोठी रक्कम एकदम येणार होती. मी ती सगळी कंपनीत टाकायची, नफ्यात भागी घ्यायची, आणि वर मला नाटकात पार्ट मिळणार होता. खरं सांगतो, नफ्याकडं माझं लक्ष नव्हतं. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मी इन्स्पेक्टर झालो होतो. "हात वर करा" एवढं एकच वाक्य होतं. मी ते म्हटलं आणि घाबरून स्वतःचेच हात वर केले. तो डाग चाळीस वर्षं माझ्या मनावर होता.

आणि मालक लबाड नव्हता. असता तर बरं झालं असतं, लबाड माणसाला नाही म्हणता येतं. हा भला माणूस होता. फक्त त्याची कंपनी दर दोन हंगामांत एकदा बुडायची.

बडेबाबूंनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. "मे महिना आहे," एवढंच म्हणाले. "एक तालीम कर. ते एकरकमी पैसे मालकाले देऊन टाकले, असं धर. फक्त पेन्शन उरली. निम्मा पगार तुझ्या बाईच्या हातात दे अन् महिना काढून दाखव."

मला वाटलं, यात काय आहे. माझ्या गरजा किती? सहाव्या दिवशी कळलं की माझी पहिली गरज खर्रा आहे, सुपारी-तंबाखूची घोटलेली पुडी. दिवसाला तीन. मी तो दोनावर आणला आणि तिसरा शेजाऱ्याच्या पुडीतून चिमटीचिमटीनं खायला लागलो. नवव्या दिवशी शेजारी मला पाहून दार लावून घ्यायला लागला. बाराव्या दिवशी गॅस संपला. चौदाव्या दिवशी माझ्या डोक्यात एक नामी युक्ती आली: पाच दिवस चामोर्शीला सासुरवाडीत जाऊन राहायचं. जेवण तिकडं, चहा तिकडं, कूलर तिकडचा. बायको म्हणाली, "तालमीत असं चालते काय?" मी म्हटलं, निवृत्त माणूस पाहुणा जातोच की.

गेलो. तिथं माझ्या साळ्याच्या मुलीचं लग्न दोन दिवसांवर होतं. पत्रिका आमच्याकडं महिन्याआधीच आली होती. मीच ती फ्रिजवर ठेवली होती, आणि बायकोला वाटलं होतं की मी लग्न धरूनच पाच दिवस म्हणतोय. मोठा जावई म्हणून मला पुढं बसवलं आणि आहेराची वेळ आली तेव्हा सगळे माझ्या हाताकडं बघत होते. पाच दिवस फुकट जेवायला गेलो आणि आहेराच्या हिशोबानं वऱ्हाडातल्या सगळ्यात महाग ताटावर जेवून आलो.

तेवीस तारखेला बायकोनं रिकामा डबा माझ्यासमोर उपडा केला. त्यातून एक जुनं रबर पडलं.

मी बडेबाबूंकडं गेलो. ते अंगणात कोणा म्हाताऱ्याचा हयातीचा दाखला भरून देत होते.

"संपली काय तालीम?"

"पैसे संपले. महिना नाई संपला."

"कितवी तारीख?"

"तेवीस."

"आठ दिवस राह्यले, एकतीसचा महिना आहे," ते म्हणाले. "पर एक दिवस तं कोनाच्या बी लग्नात निंघते. सात धरू." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आता ऐक. दर महिन्याचे हे सात दिवस कुठी आहेत, मालूम आहे काय? त्या एकरकमी पैशात आहेत. ते पोस्टात राह्यले, तं व्याजातून हे सात दिवस निंघते. ते मालकाले देशीन, तं दर महिन्याच्या तेवीस तारखेले तू अन् बाई जेवाले कुठी जाशीन?"

मी त्या म्हाताऱ्याचा दाखला उलटून बघायला लागलो.

"माझ्या घरी ये. नाई म्हणत नाई मी. पर भाभीले विचारून घे, वीस वर्षं जेवू घालन काय म्हून."

भाभी आतून म्हणाल्या, "वीस वर्षं? भाऊ एवढे कुठी जगते, खर्रा खाऊन?"

त्या दिवशी बडेबाबूंसोबत चालत घरी आलो. उरलेल्या दिवसांचं जेवण माझ्या बायकोनं आपल्या साठवलेल्या पैशातून काढलं, आणि रोज ताट वाढताना फक्त तारीख सांगायची. "चोवीस." "पंचवीस." दुसरं काही बोलायची नाही. एकतीसच्या रात्री मला पिठलं-भाताचा घास जड गेला, आणि पिठलं चांगलं झालं होतं.

मग मी निवृत्त झालो. हार, नारळ, आणि थोड्या दिवसांनी ती रक्कम खात्यात. चौथ्याच दिवशी मालकाचा फोन आला, रविवारी सकाळी येतो. मला नाही म्हणायचं होतं. पण नाही हा शब्द माझ्या तोंडात कधी बसलाच नाही. सागवानवाल्याला, एका विमावाल्याला आणि डिसेंबरमध्ये कूलर विकायला आलेल्या माणसाला मी हो म्हटलेलं आहे. मी बडेबाबूंकडं धावलो.

"माझ्या तोंडून शब्द नाई फुटत."

"मंग शब्द मी देतो," ते म्हणाले. "तू फक्त बोल."

आमच्या मधल्या दाराला भाभीनं दिलेला पडदा होता, राजदरबाराच्या उरलेल्या लाल मखमलीचा. रविवारी सकाळी बडेबाबू आणि माझी बायको त्या पडद्याच्या मागं, मी पुढं. मालक आला. गळ्यात गमछा, हातात पेढे आणि नवीन नाटकाची वही.

"भाऊ, इन्स्पेक्टर नाई," तो बसता बसता म्हणाला. "तुमच्यासाठी डायरेक्ट एस.पी.चा पार्ट काढला. तिसऱ्या अंकात. एंट्रीलेच टाळी."

मी हो म्हणायला तोंड उघडलं तेवढ्यात कानात आवाज उतरला. "मालक, तुम्ही घरी आले, बरं वाटलं."

"मालक, तुम्ही घरी आले, बरं वाटलं," मी म्हटलं.

"पैशाचं म्हणान, तं ते माझ्या एकट्याचे नाई."

तेही म्हटलं.

मालकानं पेढ्यांचा डबा खाली ठेवला. "मंग कोनाचे?"

"तेवीस तारखेचे."

"तेवीस तारखेचे," मी म्हटलं.

मालक माझ्याकडं बघत राहिला. मी घामाघूम. आतून आवाज आला, "थोडं थांबतो, पाणी पितो."

"थोडं थांबतो, पाणी पितो," मी ठणकावून म्हटलं.

ती सूचना होती, संवाद नव्हता, हे मला बोलून झाल्यावर कळलं. पडद्यामागं बायको तोंडात पदर कोंबत असल्याचा आवाज आला. माझं नाटक पडलं होतं. मालकानं पुढं वाकून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "भाऊ, तब्येत बरी आहे नं?" आणि मी त्या मायेच्या हातानं पुन्हा हो म्हणायच्या बेतात आलो.

तेव्हा तो आवाज पुन्हा आला. पण या वेळी माझ्या दिशेनं नाही. जरा खालच्या पट्टीत, सरळ, जसा तो पंचवीस हिवाळे विंगेतून मालकाच्या कानात जायचा तसा.

"मालक हासते अन् म्हणते, पैसे राहू द्या भाऊ, पार्ट तुमचाच."

मालक हसला. छान, पोटभर. आणि म्हणाला, "पैसे राहू द्या भाऊ. पार्ट तुमचाच."

चांगल्या नटात आणि माझ्यात फरक आहे तो एवढाच. हसायची सूचना आली तर तो हसतो, मी "हसतो" असं म्हणतो.

मग मालकाचा चेहरा हळूहळू बदलला. त्यानं पडद्याकडं बघितलं.

"बाबूजी," तो म्हणाला, "बाहेर या."

बडेबाबू मखमल बाजूला करून बाहेर आले आणि एक पेढा उचलून खाल्ला.

"मालक, आता बोलून झालं," ते म्हणाले.

"तुम्ही पंचवीस वर्षं मले स्टेजवर बुडू नाई देल्लं," मालक म्हणाला, "अन् आज तुम्हीच? माझ्या सीझनचं काय?"

"तुमचं बी पाहू. येत्या मे महिन्यात तुमची तालीम लावू काय?"

मालक झटकन उठला. "नको. मी आपला नटच बरा." दारापर्यंत गेला, परत आला, वही माझ्या हातात देऊन म्हणाला, "तीन वाक्यं आहेत. पाठ करा. बोललो तं बोललो." बोललेला संवाद माघारी घ्यायचा नसतो, हे त्याच्या रक्तात होतं. त्या वर्षी त्यानं दुसऱ्या कंपनीशी जोडून घेतलं आणि लहान नाटकं केली. बुडाला नाही. मला वाटतं घाबरून.

मी एस.पी. झालो. तीन वाक्यांपैकी दोन मला आली, तिसरं बडेबाबूंनी विंगेतून दिलं आणि माझ्या एंट्रीला टाळी पडली. ती टाळी एकट्या भाभीनं वाजवली होती, असं बायको म्हणते. रक्कम पोस्टात आहे. महिन्याचा शेवटचा आठवडा त्यातून निघतो, आणि खर्रा एकावर आला आहे.

त्यानंतर बडेबाबूंना वही नीट दिसेनाशी झाली. मोतीबिंदू काढला, पण विंगेतल्या अंधुक दिव्यात अक्षरं पळायला लागली, म्हणून त्यांनी प्रॉम्प्टिंग सोडलं. आता ते आणि भाभी बल्लारपूरला मुलीजवळच खोली करून राहतात. जावई रेल्वेत आहे. डायरीत हेही कुठंतरी लिहिलेलं असणार. तिथल्या म्हाताऱ्यांचे दाखले भरून द्यायला त्यांनी पहिल्याच महिन्यात सुरुवात केली, चहावर, आणि अक्षरं दिसत नाहीत म्हणून भाभी लिहितात नि ते मागून सांगतात.

महिन्यातून एकदा त्यांचा फोन येतो. दुपारी, जेवणाच्या वेळेला. मी फोन उचलायच्या आधी बायको म्हणते, "तेवीस."

"काऊन गा," तिकडून आवाज येतो. "जेवला काय?"

माझं जेवण झालेलं असतं, हात धुवायचा असतो. पण मी मुद्दाम काही बोलत नाही. थोडा वेळ लाईनवर नुसती गाडीची शिट्टी ऐकू येते.

मग हळूच, थेट कानात, "जेवलो."

"जेवलो," मी म्हणतो.